गोडांबेंची किल्ली

रुवीच्या चौथ्या मजल्यावर रात्री दीड वाजता
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं
आणि माझ्या फोनवर बिलाचे आकडे चढत होते.
ज्या देशांत आमचा एकही टँकर जात नाही
तिथल्या सव्वीस हजार नंबरांना
आमच्या नावाने कुणीतरी कळवत होतं
की तुम्हाला लॉटरी लागली आहे.

आम्ही पाणी विकतो. निळे टँकर, गोडं पाणी,
आमेरातपासून कुरियातच्या चढापर्यंत.
टँकर निघाला की गिऱ्हाइकाला मेसेज जातो :
पाणी वाटेत आहे, टाकीचं झाकण उघडून ठेवा.
एवढ्या एका वाक्यासाठी एक किल्ली लागते.
चाळीस अक्षरांची, दाते नसलेली,
उच्चारायला गेलं तर जीभ अडखळेल अशी.

ती अफ्फानने गुरुवारी संध्याकाळी
कोडच्या बाराव्या ओळीत उघडीच ठेवली
आणि कोड नेऊन टाकला चव्हाट्यावर.
"पाचच मिनिटं होती, मॅडम. लगेच पुसली."
पुसलं की पाटी कोरी होते
असं वाटण्याचं वय आहे त्याचं.
इथे पुसलेलंही तारखेसकट जपून ठेवतात.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
उघडलेली, सकाळपर्यंत, अकराशे रियालची.

रद्द करायला गेले. बोट बटणावर.
आणि वर नाव दिसलं : विश्राम गोडांबे.

तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.
व्हिसा एका दुपारी संपवला होता.
कार्ड परत, सिम परत,
ड्रॉवरची पितळी किल्लीसुद्धा
सही करून मोजून घेतली होती.
ही मात्र कुणी मागितली नाही.
माणूस खेडला गेला, भरणे नाक्याजवळ
कुणाच्या तरी गॅरेजचे हिशेब लिहू लागला,
आणि त्याची किल्ली इथे कामावर येत राहिली,
शुक्रवारी, ईदला,
सगळी दारं उघडायचा हक्क खिशात घेऊन.
तिच्यावर मुदत कुणी लिहिलीच नव्हती.

आत्ता तोडावी तर साडेतीनच्या फेऱ्या मुक्या निघणार.
ती कुठे कुठे चिकटवली आहे, कागद नाही.
मी फोन लावला. तिकडे तीन वाजलेले.
"शेवटची चार अक्षरं सांग," झोपेतला आवाज.
सात, के, क्यू, दोन.
"हां. माझीच."
थोडा वेळ नुसतं कुत्रं भुंकत राहिलं.
"तीन ठिकाणी आहे बघ. बिलिंगला, डिस्पॅचला,
आणि खल्फानच्या केबिनमध्ये पंख्याखाली जुनं मशीन,
त्याच्यावर एक टायमर. तो कुणाला माहीत नसेल.
एका दाराला एक किल्ली करायची होती गं.
करू, करू म्हणता राहिलं."
मग, फोन ठेवता ठेवता,
"खल्फान अजून कहव्यात वेलची ओततो का?"

अफ्फान टॅक्सी करून आला, स्लिपरवर.
तीन किल्ल्या केल्या. पहिली फक्त मेसेज पाठवील,
दुसरी फक्त मोजील,
तिसरी त्या टायमरपुरती, बाहेरच्या पत्त्यावरून आंधळी.
कोडमध्ये एकही नाही. तिथे नुसती नावं;
खरी अक्षरं तिजोरीतून, कामाच्या वेळी, मागून घ्यायची.
मुदत लिहिली मी स्वतः : नव्वद दिवस.
माझ्या कार्डावर आहेत एकशे बारा.

जुनी किल्ली मोडताना स्क्रीनने विचारलं, नक्की?
पुन्हा विचारलं.
खात्रीसाठी किल्लीचं नाव टाइप करा.
मी गोडांबे लिहिलं.
एक कानामात्रा चुकली, ते घेईना. 
परत लिहिलं, सावकाश.

साडेतीन वाजून चार मिनिटांनी
अफ्फानचा फोन टेबलावर थरथरला.
पाणी वाटेत आहे.
त्याने वाचलं, काही बोलला नाही,
भरलेली बादली उचलून मोरीत ओतायला गेला.